चमच्याचं वाक्य

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सईच्या निबंधाला बाईंनी 'उत्तम' दिलंय. तरी संध्याकाळपासून माझं कशात लक्ष नाही.

विषय होता दिवाळीची सुट्टी. चौथीतल्या पोरीनं वाचनालयाचं अख्खं कपाट संपवलंय, म्हटलं लिहिण्यालाही जरा वळण लावू. कच्च्या वहीत तिनं लिहिलं होतं, 'निफाडची आत्या दिवसभर द्राक्षाचे घड औषधात बुडवते. हाताचा वास जात नाही म्हणून ती वरणभात चमच्याने खाते.' मी लाल पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं, 'हिरव्यागार बागा पाहून मन प्रसन्न झाले.' का? तर निबंधात असंच लिहितात. मीही तसंच लिहून मार्क मिळवलेत.

आज तिनं फोनवर आत्याला, म्हणजे माझ्या वन्संना, सगळा निबंध वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "लय भारी लिहिलंस. पण मी कुठं हे गं त्यात?"

सईनं माझ्याकडे पाहिलं. आता माझं नाव सांगणार, असं वाटलं.

"जागा पुरली नाही, आत्या."

आत्ताच तिची निबंधाची वही उघडून बघितली. पान अर्धं कोरं आहे.

वन्संच्या ताटातला तो चमचा मीही दर दिवाळीला बघते. तो कशाला, हे एकदाही विचारलं नाही. सईनं विचारलं, आणि मी ते खोडलं.

कच्च्या वहीत त्या ओळीशेजारी त्याच लाल पेनानं लिहून ठेवलंय, 'हे राहू दे. जागा आहे.'