चीवराचा तांबडा

प्रिय बाबा,

तवा स्टोव्हवर आहे, त्यात तुमची माती भाजते आहे. एका हातात उलथनं, दुसऱ्यात पेन. अक्षर वाकडं येईल. पण राग इतका आलाय की माती निवेपर्यंत थांबवत नाही.

महिन्यापूर्वी विहाराच्या भिंतीला ओल आली. बहात्तरच्या दुष्काळानंतर तुम्ही रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावरच्या तांबड्या चीवराचा हातभर पापुद्रा गळून पडला. आज सकाळी कमिटीचे पगारेकाका म्हणाले, "पौर्णिमा तोंडावर आलीय. उद्या सकाळी ऑइल पेंट आणतो, अख्खं चीवर मारून टाकू."

मारून टाकू! तुमच्या हातचं तेवढं एकच चित्र उरलंय हो.

तुम्ही ड्रॉइंगचे मास्तर. पोरांच्या वहीवर नाव नसलं की ओरडायचात. आणि स्वतःच्या डब्यांवर? रंगाचं नाव नाही, माती कुठून आणली त्या गावाचं! 'पेठ' लिहिलेले दोन डबे. एकात पिवळी माती. दुसरा रिकामा, तळाला तांबडी धूळ. मी काय समजायचं?

तांबडीसाठी दोनदा एसटीने पेठला गेले. डोंगर हिंडले. काल नागलीच्या शेतातली एक बाई हसायलाच लागली. "तांबडी कशाला शोधते? मास्तर तं पिवळीच न्यायचा, पिशवी भरून."

आज दुपारी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पिवळीच भाजून तांबडी करायचे. माझे दोन तवे गेले त्यात."

"आई! महिनाभर शोधतेय मी!"

"मला कोण विचारतं? चित्रकार तुम्ही दोघं. मी आपली तव्याची मालकीण."

मला का नाही सांगितलंत? दहा वर्षं तुमच्या शेजारी बसून रंग खलला मी. भाजायच्या वेळी तेवढं दूध आणायला पाठवायचात? आणि आईला विचारायचं मला सुचलं कसं नाही? तोही राग तुमच्यावरच काढते. तुम्ही उलट बोलणार नाही.

माती कडेने तांबडी होते आहे. डिंकाच्या पाण्यात कालवून संध्याकाळीच लावते. यापुढे प्रत्येक डब्यावर सगळं लिहीन: माती कुठली, किती भाजली, कुणी सांगितलं. हा माझा शब्द.

तुमची,
सुजाता

ता. क. सकाळी रंग वाळला. जुन्यापेक्षा उजळ झालाय, ठिगळ दारातूनच कळतं. पगारेकाका ऑइल पेंटचा डबा घेऊन आले, ठिगळावरून बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी विहाराचं दार रंगवायला घेतलं.