खाच पाडलेलं झाकण

प्रिय बाईसाहेब,

या घरात माझ्या हातांनी केलेल्या वस्तू म्हणजे जेवणाचं टेबल, गॅलरीचा कठडा, सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या, ज्यात आता कांदे-बटाटे झोपतात तो धाकटीचा पाळणा, आणि ते जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, जे उचलून तू विचारलं होतंस की यात शिजवायचं की हे चोराच्या डोक्यात घालायचं. कारखान्यातलं पत्रा वाकवायचं यंत्रही मीच भंगारातून उभं केलं, पण ती कथा तुला पाठ आहे. पाहुण्यांपुढे मी ती सुरू केली की तू चहा टाकायला उठतेस. तर या सगळ्यात आता पास्ता धर. एकाच भांड्यातला, तिघांपुरता, आणि खाता येण्याजोगा.

गल्लीच्या टोकाची सिस्टर सुट्टी संपवून उद्या सकाळच्या गाडीने तुमच्या हॉस्पिटलात परत येते आहे, तिच्या हाती हे देतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझा आवाज ऐकतेस, मी काय म्हणतो ते ऐकत नाहीस. दमलात ना, हा तुझा पहिला प्रश्न. हो, दमलोय. संध्याकाळी कारखान्याचं शटर ओढतो तेव्हा खांदे माझे नसतात, आणि घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू होते. पण त्यासाठी हे पत्र नाही. रविवारी तुझे दादा आले होते, माझ्यासाठी एक काम घेऊन. मी ते घेतलं असतं तर तुला तुझं हे प्रशिक्षण अर्धवट टाकून घरी यावं लागलं असतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आज शुक्रवार. क्रमाने सांगतो, शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, या वेळी आवर.

तू गेल्यावर सुरुवातीला मी तुझ्यासारखा साग्रसंगीत स्वयंपाक करायला गेलो. त्याचं काय झालं ते पोरींनी तुला रंगवून सांगितलंच असेल. शेवटी थोरलीनेच वैतागून सुचवलं की बाबा, सगळं एकदमच एका भांड्यात टाका ना. मला ते पटलं, कारण घासायला एकच भांडं. आता पद्धत अशी बसली आहे: तेलावर कांदा-लसूण, कांदा पारदर्शक झाला की थांबायचं, लाल करायचा नाही. मग टोमॅटो, ते पार विरघळेपर्यंत. मग कोरडा पास्ता, मीठ, आणि तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी. जास्तीचं पाणी ओतून टाकायचं नाही, कारण पास्त्याचा जो चिकटपणा त्यात उतरतो तोच रस्सा दाट करतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दोनदा ओतून टाकलं आणि दोनदा कोरडं खाल्लं, तेव्हा कळलं.

खरी फजिती त्या पातेल्याच्या झाकणाने केली. ते झाकण मी किती निगुतीने केलं होतं आठवतं ना? कड कानशीने घासत बसलो होतो, आतून वाफेचा धागा बाहेर येणार नाही असं बसलं तेव्हा कुठे जेवलो. तर पास्त्याला उकळी आली, फेस वर चढला, त्याला कुठून वाटच मिळेना, आणि एका दणक्यात झाकण उडून ओट्यावर, फेस शेगडीवर, शेगडी गपगार. धाकटी टाळ्या वाजवत होती. थोरलीने शांतपणे लाकडी चमचा कडेला आडवा ठेवला, त्यावर झाकण कलतं टेकवलं, आणि म्हणाली की वाफेला जरा दार ठेवा की बाबा. मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतक्या नेटक्या कामाला चमच्याचा टेकू! चार दिवस टेकू पाहत राहिलो. पाचव्या दिवशी झाकण कारखान्यात नेलं आणि कडेला चमच्याच्या दांड्याच्या मापाची खाच पाडली. पाडल्यावर तिच्या कडा मात्र घासून गुळगुळीत केल्या. बोट फिरवून बघ आलीस की.

रविवारी दादा आले ते नेमके याच जेवणाला. आधी म्हणाले की मला भूक नाही, आणि मग तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. झाकण पाहून हसले. एवढी सुबक वस्तू बिघडवली कशी म्हणाले, मेहुणे म्हातारे झाले. मग मुद्द्यावर आले. जहाजांवरची स्वयंपाकघरं बांधणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने माझं काम पाहिलं होतं, कुठल्याशा खाणावळीत मी बसवलेली शेगड्यांची रांग. जोड कुठे आहे ते म्हणे त्याला बोटालाही लागेना. पदवीचं विचारलं नाही. हुद्दा मात्र इंजिनियरचा, लेखी. तू मला चिडवायला वापरतेस तो शब्द, बाईसाहेब, छापील. मला ते नकोच होतं असं म्हणणार नाही. त्या रात्री आडवा झालो तरी दारावरची पाटी दिसत होती, अक्षरं कुठल्या धातूत कापायची इथपर्यंत माझा विचार गेला होता.

पोरींनी सगळं ऐकलं होतं. सोमवारी घरी आलो तर थोरलीने पास्ता करून ठेवलेला. मी शिकवला तसाच, कांदा लाल न करता. मग मला बसवून समजावू लागली, अगदी तुझ्या सुरात: बाबा, तुम्ही जा. आईला बोलावू नका, तिची परीक्षा आहे. मी करते ना सगळं, धाकटीचे केससुद्धा मी विंचरते. धाकटी लगेच म्हणाली की ओढून विंचरते. दोघी भांडायला लागल्या. भांडता भांडता थोरलीने पातेलं शेगडीवरून उचललं. ते मी माझ्या हातांच्या हिशोबाने केलेलं पातेलं. टेबलापर्यंत चार पावलं, पण दोन्ही हात थरथरत होते, ओठ दाताखाली, आणि चेहऱ्यावर आव असा की काही जडच नाही. मी घ्यायला उठलो तर डोळ्यांनीच बसा म्हणाली. मी बसलो. जेवलो. चांगला झाला होता.

आज दुपारी कंपनीला नकार कळवला. दादांना तेव्हाच फोन केला. ते चिडलेत, म्हणाले की आता मीच तिला सांगतो. म्हणून ही घाई; त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं. तुझं नाव याआधी दोनदा या प्रशिक्षणाच्या यादीत लागलं, एकदा थोरली पोटात होती, एकदा धाकटी तापाने फणफणली होती, आणि दोन्ही वेळा तू ते काही विशेष नाही अशा चेहऱ्याने काढून घेतलंस. तो चेहरा सोमवारी मी पुन्हा पाहिला, आपल्या थोरलीच्या तोंडावर. तेव्हा बॅग भरू नकोस, परीक्षा दे. आणि दादा आकडा फुगवून सांगतील, मला चुकीचं माप खपत नाही, म्हणून मी नाकारलं ते नीट लिहितो: समुद्रापलीकडच्या गोदीत दोन वर्षं, कुटुंबाला परवानगी नाही, राहणं-खाणं त्यांचं, हुद्दा मुख्य इंजिनियर, आणि दोन वर्षांचे मिळून बेचाळीस लाख.

तुझाच,
बिनपदवीचा इंजिनियर