सहा किलो, पाणी सोडून

२२ नोव्हेंबर २००६, बुधवार

नऊ किलो चारशे! आन अजून खायचं सामान टाकलंच नाही. दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवली, पाह्यलं, उतरवली, पुन्हा ठेवली. काट्याले काय माझी दया येते थोडीच!

अफरोजभाईचं फर्मान आहे — सहा किलो, पाणी सोडून. "भाभी, सहाच्या वर गेलं तर मी सोता काढून फेकीन, मग बोलू नका." अफरोजभाई म्हणजे स्टँडजवळचा मेकॅनिक. वर्षभर इंजिनात डोकं घालून राह्यते आन थंडी पडली की दहा-बारा जणांले गोळा करून जंगलात चालाले नेते. यंदा उमरखेडकडचं जंगल. पैनगंगेच्या काठाकाठानं सहस्रकुंडापर्यंत. पाच दिवस. त्याची बायको जुबैदा जाऊन राह्यली. आन मी!

हो, मी. नाव देऊन आली. कोणाले न विचारता. लग्नाले सतरा वर्षं झाली, हे पहिल्यांदा.

२३ नोव्हेंबर

स्टीलचा डबा काढला. रग काढला. साड्या काढल्या, तिन्ही. पोरगी नागपूरले होस्टेलात आहे, तिचा जुना पंजाबी ड्रेस घालून पाह्यला. बसला बापा! काखेत जरा काचते.

जुबैदा आली आन बॅग उपडीच केली. त्यातून छोटा खलबत्ता निघाला. "अगं, हा कायले? वाघाले चटणी कुटून देतं का?" हसून हसून पडली पलंगावर. मले राग आला. मग मीही हसली. चटणी घरूनच कुटून न्यायची, जवसाची. एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

खताची दोन रिकामी पोती उसवली, धुतली, जोडून शिवली. खाली अंथराले. वजन काहीच नाही. दुकानाचा एवढा तरी उपयोग झाला!

२५ नोव्हेंबर, शनिवार

जुबैदानं विचारलं, तुले कायले जायचं आहे गं? मी म्हटलं, जरा हवा बदल. साफ खोटं. इथं तरी खरं लिहिते.

मले एक रात्र झोपायचं आहे. बस. कान बंद करून.

राजदीप — चारचौघात मी 'हे' म्हणते, इथं नाव घेते, वही कोणाले सांगाले जाते! — राजदीपचं बी-बियाण्याचं दुकान. कृषीचा डिप्लोमा केलेला माणूस. खेड्यातले लोक पाकिटावरचं वाचत नव्हते, याच्या तोंडाकडं पाहत होते. "राजदीपभाऊ म्हणते तेच बी." दोन वर्षांमागं तो म्हणाला तेच बी खोटं निघालं. कापसाची पराटी छातीएवढी, आन बोंड नाही. कंपनीचा माणूस फोन उचलेना. लोक भांडाले आले असते, काचा फोडल्या असत्या, तर बरं झालं असतं. कोणी आलं नाही. एक जण तर फवारायचं औषध पिऊन जिवानंच गेला. औषधाचा डबा आमच्याच दुकानातला, याच्याच हातानं दिलेला.

तवापासून राजदीप बोलत नाही. म्हणजे पाणी दे, मीठ दे, एवढं बोलते. बाकी बसून राह्यते. आन दुकानाच्या मागच्या खोलीत तसेच डबे रचलेले! मी त्या खोलीची चावी कमरेले खोचून हिंडते. दुकानात तो एकटा नको म्हणून मी गल्ल्यावर बसते. झोपताना दाराले आडवं अंथरूण घालते. त्यानं कूस बदलली तरी उठून बसते. दोन वर्षं! माहेरी गेली नाही, लग्नाकार्याले गेली नाही. पोरीले भेटाले गेली तं त्याच दिवशी परत.

म्हणून मी पाच दिवस जंगलात जाणार. तिथं वाघ आहे म्हणे. असू दे.

२९ नोव्हेंबर

अफरोजभाईनं सांगतलं, बॅग पाठीवर घालून रोज चाला, नाहीतर तिथं खांदे रडते. म्हणून उजाडता उजाडता यवतमाळ रोडनं निघाली. पंजाबी ड्रेस, पायात पोरीचे पीटीचे बूट, पाठीवर बॅग. चहावाला म्हणे, "वहिनी, माहेरी काय?" म्हटलं, नाही, हिंडून राह्यली. त्याले ते पटलं नाही. बॅग घेऊन कोणती बाई हिंडते!

दुपारपर्यंत आमच्या अख्ख्या कळंब गावात झालं — दुकानवाली भांडून निघून गेली. आन संध्याकाळी सासू दारात! खेड्यावरून धावत आलेली. कापूस वेचत होती, तिथंच कोणी सांगतलं. वेचणीचा कमरेचा कापडी ओटा सोडलाच नाही, त्यात अर्धा कापूस तसाच.

"ममते, तू तं गेलती ना?"

"गेलती. आली परत."

"मंग मी कायले मरमर करत आली वो!"

खाली बसली आन पदरानं वारा घेत राह्यली. राजदीपनं तिले पाणी आणून दिलं, ओट्यातल्या कापसाकडं पाह्यलं आन आत गेला.

३० नोव्हेंबर

सासूले सगळं सांगून टाकलं. पाच दिवस जायचं आहे म्हटलं. वाटलं आता सुरू होईल — बाईच्या जातीले, नवऱ्याले टाकून, लोक काय म्हणतील. रुखमाबाई माझी सासू आहे, साधीसुधी नाही. पण नाही! म्हणे, "जाय. मी येऊन राहीन. माझंच लेकरू आहे ते." मग पदर खोचत, "दाराले आडवीच झोपू ना?"

म्हणजे तिलेही माहीत आहे. सगळ्यांले माहीत आहे आन सगळे भाजीचं बोलते.

२ डिसेंबर

अफरोजभाईनं गॅरेजात माझ्या ब्रशचा दांडा अर्धा कापून दिला. करवतीनं! जुबैदा म्हणे, उद्या वेणी कापाले सांगंल.

६ डिसेंबर

विहारात गेलतो. वंदना झाली. राजदीप पांढरा शर्ट घालून आला, खूप दिवसांनी. मेणबत्ती लावताना त्याचा हात हालत होता. सगळे फोटोकडं पाहत होते, मी त्याच्या हाताकडं. आजच्या दिवशी तरी! माझाच मले राग आला.

घरी येऊन बॅग भरली. काढली. पुन्हा भरली. सात किलो दोनशे. टॉर्च जड आहे. जुबैदाजवळ आहेच टॉर्च. काढला.

९ डिसेंबर, शनिवार

आज जेवता जेवता राजदीप म्हणे, "चावी इथं ठेवून जाशील का संगं नेशील?"

कोणती चावी, म्हटलं.

"कमरेची."

बस, एवढंच. ताट उचललं, धुतलं, दुकानात जाऊन बसला. माझा घास हातातच. दोन वर्षं मले वाटलं त्याले माहीत नाही! तो रोज पाहत होता. मी पदर सावरते, चावी चाचपते, सगळं. त्याले मी बायको वाटत असेल का जेलर? आन मी तरी काय करू! माझ्या जागी कोणी असतं तं काय करतं?

रडू नाही आलं. राग आला. असा राग की बॅग आंगणात उपडी केली, लाथेनं सामान उडवलं. मग कोंबड्या हाकलत एकेक वेचून भरलं. अर्धं तर भरावंसंच वाटलं नाही. वजन केलं — सहा दोनशे.

११ डिसेंबर

पाच किलो नऊशे!!

एक अंगावर, एक बॅगेत, असे दोनच ड्रेस. साबण अर्धा. टॉवेल नाही, दुपट्टाच टॉवेल. फुटाणे, गूळ, भाजलेलं पीठ, चटणी. ताट काढलं, एक खोल वाटीच जेवाले आन चहाले. चादर पातळ, पण जुबैदा म्हणे दोघी एका पांघरुणात झोपू. मी म्हटलं, मी घोरते. ती म्हणे, मी लाथा मारते.

काट्याजवळ उभी राहून एकटीच हसली. गिऱ्हाईक आलं, म्हणे काय झालं वहिनी? तुरीवर फवारायचं औषध पाहिजे म्हणे. मागच्या खोलीतून आणून दिलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाह्यलं.

१३ डिसेंबर

राजदीपनं बॅग उचलून पाह्यली! "पट्टा लंबा आहे. कंबरडं मोडंल तुझं." ओढून नीट बांधला. मग सोता पाठीवर घातली आन आंगणात एक चक्कर मारला. मी खिडकीआड. दुसरा चक्कर. तिसरा. चालताना मान वर होती त्याची. मी दिसली तशी बॅग खाली ठेवून दिली, लहान पोरं साखर खाताना सापडते तसा.

काय वाटलं ते लिहिता येत नाही. बरं वाटलं. आन मनात आलं, शनिवारी निघायचं आहे, आताच कायले चांगला होऊन राह्यला! आधी नाही सुचलं? अशी मी वाईट.

१४ डिसेंबर, गुरुवार

सासूले चिकनगुन्या. शेजारच्या पोराच्या हाती निरोप आला. सांधे धरले, उठून बसता येत नाही, लघवीले दोघी धरून नेते. अर्धं खेडं असंच पडलं आहे म्हणे.

झालं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

अफरोजभाईले सांगून आली, मी येत नाही. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. जुबैदा म्हणे, आमच्या आमिरले तुमच्या घरी झोपाले पाठवते. आमिर तिचा दीर, तो झोपला की ढोल वाजवले तरी उठत नाही. म्हटलं, राहू दे.

घरी आली. राजदीप म्हणे, आईकडं मी जाऊन येतो, तू जाय उद्या. एकटाच जाऊन येतो म्हणे! एकटा, त्या वावरातून! तिथं माझा तोल गेला. जे बोलली ते लिहू नये, पण लिहिते. "तुमच्यापायी मले जगता येत नाही आन मरताही येत नाही!"

मरता म्हटलं मी. दोन वर्षं हा शब्द घरात येऊ दिला नव्हता. कोणाची मौत झाली तं 'वारले' म्हणत होती, तेही हळूच. आन आज सोता त्याच्या तोंडावर मारला. त्यानं ताट वाढलं. मग म्हणे, "जेवून घे." मी नाही जेवली. बॅग तशीच भिंतीले टेकून आहे. सोडवतही नाही माझ्यानं.

उद्या सकाळी ते निघतील. मी दुकान उघडीन. झाडू मारीन.

१६ डिसेंबर, शनिवार

अक्षर कसंही येऊन राह्यलं, तरी लिहिते.

सकाळी जाग आली तं दार उघडं. मी दाराले आडवी, आन तो मले ओलांडून गेला! डोळा लागलाच कसा माझा? पलंग रिकामा. चावी चाचपली, कमरेलेच होती. तरी पळत मागच्या खोलीशी गेली — कुलूप जागच्या जागी. तशीच विहिरीकडं पळाली, पायात चप्पल नाही, केस सुटलेले. लोक विचारते काय झालं वहिनी, आन मी काही नाही, काही नाही म्हणत विहिरीत वाकून पाहते! पाणी हिरवंगार, काहीच दिसत नाही. मग बसलीच मी तिथं काठावर. बोंबलून रडली. देव नाही मानत मी, आज कोणाकोणाले हाका मारल्या कोण जाणे.

चहावाल्यानं सांगतलं, "भाऊ तं अंधारातच गेले ना, स्टँडकडं. पाठीवर बॅग होती."

बॅग! घरी आली, पाह्यलं. भिंत रिकामी.

दुपारी दुकानातला फोन वाजला. उमरखेडहून अफरोजभाई. "भाभी, ये क्या! तुम्ही येत नाही म्हटलं आन भैयाले पाठवून दिलं?" म्हटलं, त्यांले द्या फोन.

राजदीप म्हणे, "ममता, मी घरी राह्यलो तं तू कुठं जात नाही. म्हणून मीच निघालो. इथं बारा लोकं आहे माझ्याकडं पाहाले. पाच दिवस तू नको पाहू." मग म्हणे, "आईच्या शेजारच्या सुखीबाईले कालच निरोप धाडला, ती करते तिचं. तू तुले जायचं तिथं जाय."

"मग माझी जागा कायले घेतली, चोट्ट्या! माझी बॅग! माझा ब्रश!!"

सतरा वर्षांत त्याले चोट्टा म्हटलं नव्हतं कधी. आन तो हसला. फोनात खरखर होती, मागं गाड्यांचा आवाज होता, पण हसलाच तो. मी ऐकलं.

फोन ठेवला. शिव्या देत देत दुकानाचं शटर ओढलं. येऊ दे त्याले, चांगला झोडपते!

१७ डिसेंबर, रविवार

एसटीत आहे. मुकुटबनची. स्टँडवर पहिली हीच लागली होती म्हणून बसली. तिथं माझं कोणी नाही. सामान काहीच नाही, ही वही आन अंगावरचा दुपट्टा.

काल घरात एकटी होती, तरी सवयीनं तीनदा उठून बसली. कोणासाठी दाराले आडवी झोपलती, काय माहीत!

खिडकीशी जागा भेटली आहे. ऊन येऊन राह्यलं तोंडावर, डोळे मिटते. कंडक्टरले सांगतलं, भाऊ, गाडी जिथं शेवटची थांबते तिथंच उठवजा. त्याच्या आधी नाही.