आधी पाणी, मग मोटर

मंगळवार, ४ मार्च

बारक्याने दादाच्या होडीच्या मोटरवरची चादर काढली! कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. मी चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी आले तर शेडचं दार सताड उघडं, आणि हा तिच्या झाकणावरून फडकं फिरवतोय. म्हणाला, "ताई, तेवीस तारखेच्या शर्यतीत हीच लावणार मी." जसा काही दादाचा शर्ट घालून बाहेर चाललाय.

दादाला जाऊन अजून वर्ष नाही झालं. शर्यतीत होडी उलटली, दादा गेला, आणि ही मोटर पाण्यातून वर काढली, पुसली, ठेवली. साधा ओरखडा नाही तिला. म्हणूनच मला ती डोळ्यांसमोर नको असते.

बुधवार, ५ मार्च

आई जेवली नाही. बाबा जेवले. मला त्यांचा भयंकर राग आला. मग मीही पोटभर जेवले.

शुक्रवार, ७ मार्च

वाटलं होतं, बाबा नाही म्हणतील. उभा जन्म मोटरी दुरुस्त करण्यात गेला त्यांचा, पण दादा गेल्यापासून त्या एका मोटरला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. बारक्या म्हणाला, "तुम्ही नाही केली तर धक्क्यावरच्या टकल्याकडून करून घेईन." टकल्या म्हणजे तो, जो उरलेले स्क्रू खिशात घालून मोटर परत देतो! बाबांनी हात पुसले. मग म्हणाले, "त्याच्या हातात जाण्यापेक्षा माझ्या हातात बरी."

झालं. आज दुपारी मोटर सगळी खोलून बाकावर मांडलेली होती.

शेडकडची खिडकी दादा गेल्यापासून बंदच असते. आज आईने फटीतही जुनं कापड कोंबलं.

रविवार, ९ मार्च

"पाण्याला तूच उभी राहा, ताई," बारक्या म्हणाला. आणि इथेच माझं घोडं अडलं.

इतर मोटरींच्या पोटात पाणी ओढायला स्वतःचा पंप असतो. ह्या शर्यतीच्या मोटरीत नाही, तेवढंच वजन कमी. होडी जोरात पळते तेव्हा खालच्या तोंडातून पाणी आपोआप आत शिरतं आणि मोटर गार राहते. पण शेडमधल्या स्टँडवर ती पळणार कुठे? तिथे पाइप लावून पाणी पाजावं लागतं, आणि नळावर कुणीतरी उभं असावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. फ्रॉक घालत होते तेव्हापासून. बाबा मला नळराणी म्हणायचे. मला जरा उशीर झाला की दादा ओरडायचा, "नळराणींची स्वारी निघाली का?"

त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. बाजूच्या भोकातून वापरलेलं पाणी बारीक धारेने बाहेर पडतं. बाबा त्या धारेत तळहात धरतात. कढत लागलं तर एक बोट वर – नळ आणखी सोड. फार गार लागलं तर बोट खाली. मूठ म्हणजे बंद. पण मूठ सगळ्यात शेवटी, मोटर शांत झाल्यावरच. बाबांचा नियम – आधी पाणी, मग मोटर. थांबताना आधी मोटर, मग पाणी.

मोटर जोरात असताना पाणी तुटलं तर अर्ध्या मिनिटात पिस्टन चिकटतो. मग ती भंगार. ह्या मोटरचे भाग आता कुठे बनतही नाहीत.

बारक्याला म्हटलं, बघते.

बुधवार, १२ मार्च

आई भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पाणी नाही दिलंस तर?"

"मग टकल्या देईल."

ती तेच पातेलं पुन्हा घासायला लागली. मग म्हणाली, "मग तूच दे. टकल्या नको."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी आई झाले नाही, तरी कळलं.

शनिवार, १५ मार्च

पहिल्यांदा सुरू केली. एका झटक्यात! तोच आवाज. दादा अंगणात असल्यासारखा. माझ्या हातातला नळ घामाने घसरत होता. बाबांचा तळहात धारेत, डोळे मिटलेले, बोट वर, बोट खाली, आणि मी शहाण्या मुलीसारखी नळ फिरवतेय. सगळं नीट झालं.

बाबा खूश दिसत होते. खरंच खूश! हे मी त्यांना कधी माफ करणार नाही.

बारक्याने मला उचलून गोल फिरवलं. हसताना त्याचा एक गाल आधी वर जातो. दादाचाही जायचा.

रविवार, १६ मार्च

आज बाबांशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या लक्षात तरी आलं का, देव जाणे.

मंगळवार, १८ मार्च

बारक्या दादाचं लाइफ जॅकेट घालून आरशासमोर उभा होता. आई समोरून आली आणि तिथेच चपलांजवळ मटकन खाली बसली. तो म्हणाला, "अगं आई, काही होत नाही गं!" अगदी तेच शब्द. दादाही दारातून जाताना हेच म्हणाला होता.

मग मात्र माझं डोकं फिरलं. शेडमध्ये गेले आणि बाबांना तोंडावर विचारलं, "तुम्हाला मोटर हवी आहे की मुलगा?"

ते स्पार्क प्लग पुसत होते. पुसत राहिले. म्हणाले, "पाइप तडकलाय. येताना नवीन आण."

असा संताप आला! तो पाइप त्यांच्या गळ्यात घालावासा वाटला. संध्याकाळी दुकानातून येताना नवीन पाइप आणला. काय करणार, सवय.

गुरुवार, २० मार्च

बारक्याशी शेवटचं बोलून पाहिलं. म्हटलं, निदान दुसरी मोटर लाव. "नाही. दादाचीच. तिच्याशिवाय मी उतरणारच नाही." जीव तोडून बोलत होता. तो दादासाठी करतोय, हे मला दिसतं. रडू येतं ते त्याचंच.

परवा शेवटची चाचणी. मी नळ बंद करणार. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. बाबा जन्मात माझं तोंड बघणार नाहीत. न बघू देत. बारक्या चिडेल. चिडू दे.

मला अजून एक भाऊ गमवायचा नाही. बस्स.

शनिवार, २२ मार्च

मोटर गेली. जाम.

नळावर मी होते. बारक्या "ताई, पाणी! पाणी!" करून धावला, तोवर आतून एकच कर्रकन आवाज आला आणि सगळं थांबलं. जळका वास. घरभर आहे अजून.

आज एवढंच.

रविवार, २३ मार्च

शर्यत आज होती. बारक्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. मी पाणी घेऊन गेले तर आईला म्हणाला, "तिला सांग, माझ्यासमोर येऊ नकोस."

दुपारी आईने शेडकडची खिडकी उघडली. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि केसांतून हात फिरवत राहिली. मी लहान असते तर झोपले असते.

बाबा शेडमध्येच. मोटरवर चादर घालून.

सोमवार, २४ मार्च

इथे तरी खरं लिहिते. मला नाही जमलं. नळावर हात होता, पण तो फिरेना. धार चांगली जाड पडत होती. बारक्या पाठ करून पेट्रोलचा डबा उचलत होता. बाबांनी धारेतला हात काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ वर केली. मोटर पूर्ण जोरात चालू! वाटलं, चुकले. मी मान हलवली. त्यांनी मूठ खाली घेतली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दुसऱ्या हाताने ते मोटरचा वेग वाढवत होते. तेव्हा मी नळ बंद केला.

आज शेडच्या दारात म्हणाले, "बारक्याला मी सांगतो, नळराणी."

"नको," मी म्हटलं. "माझ्याशी नाही बोलला तर चालेल. तुमच्याशी बोलला पाहिजे."

मग आम्ही दोघांनी मिळून पाइप गुंडाळून ठेवला.