समुद्राचा भोंगा

बुधवार, संध्याकाळ

आज सायखेड्याच्या शाळेत तिसरीला भरती-ओहोटी शिकवली. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. नदीकाठच्या आराध्यानं विचारलं, "बाई, भरतीच्या आधी भोंगा वाजतो का?"

पोरं हसली. मला हसू येईना. धरणातून पाणी सोडलं की गावात वाजतो तो भोंगा. मागच्या पावसाळ्यात तिच्या घरात पाणी शिरलं होतं.

म्हटलं, "नाही गं. समुद्राला पाणी कुणी सोडत नाही. चंद्राच्या ओढीनं रोज वर येतं, रोज मागे जातं."

"आपलं आपण मागं जातं?"

"हो."

"मंग समुद्र लय शहाणा हाय, बाई."

किती निवांत बसली मग! घरी आल्यापासून तो भोंगा डोक्यातून जात नाही. उद्याचा तक्ता त्सुनामीचा आहे. गुंडाळूनच ठेवू का?