नागासे घराण्याचा वारस

मी, नागासे गेनपाची, वय त्रेसष्ट, हितोयोशीचा माजी सामुराई, दात पडले असले तरी डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहतं घर व मागची चहाची झाडं मुलगी ओसाता हिला. दुकानाच्या फळ्या चुलीत घालाव्यात. सामुराईंचा सरकारी तनखा बंद झाल्यावर मी चहाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकानं आधी मला वाकून नमस्कार करावा म्हणून ताठ बसून राहिलो. आमच्याकडे भात आणून टाकणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा किसुके म्हणाला, "मालक, हितं तुमीच वाकायचं." मी त्याला हाकललं. आठ महिन्यांत दुकान बसलं.

२. मोठी तलवार किसुकेला. चुलतभाऊ मागतील, देऊ नये. तलवारबंदी आली तेव्हा "बरं झालं, कंबर मोकळी झाली" म्हणणारे तेच.

३. किसुकेलाच का, ते सांगतो. "नांगरवाले आम्हाला बघूनच पळतील," म्हणत माझा भाऊ हेइशिरो सरकारविरुद्धच्या सामुराईंच्या बंडात गेला आणि कुमामोतोच्या किल्ल्याखाली पडला. किल्ल्याच्या आत, सरकारी फौजेत, सक्तीच्या भरतीतला किसुके होता. गोळी कुणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तो परत आल्यावर एवढंच विचारलं, "पळावंसं वाटलं नाही?"

"लई वाटलं. पन शेजारचा हुबा व्हता, मग मी बी ऱ्हायलो."

मला हे सातव्या वर्षापासून शिकवलं होतं. तो सहा महिन्यांच्या कवायतीत शिकला. सरकारी हुकमानं आपण बुडालो, असं चुलतभाऊ म्हणतात. माझ्यापुरतं सामुराईपण त्या उत्तरानं संपलं. मला त्याचा फार राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

४. पुढे ओसातानं त्याच्याशीच संसार मांडला. घरप्रमुख म्हणून मी तीन वर्षं त्या लग्नाच्या नोंदीच्या अर्जावर शिक्का मारला नाही. नात अंगणात खेळते, पण कागदोपत्री तिला बाप नाही. ही चूक सर्वस्वी माझी. किसुकेला मी आमच्या रिवाजाप्रमाणे घरजावई म्हणून दत्तक घेतो. माझ्यामागे नागासे घराण्याचा प्रमुख तोच.

५. हे मृत्युपत्र मी गेल्यावर उघडावं. लग्नाच्या नोंदीच्या अर्जावर मात्र शिक्का आज सकाळीच मारला. त्यासाठी मरेपर्यंत थांबलो असतो, तर तोही माझा जुना ताठाच झाला असता.

लिहिणार: नागासे गेनपाची (सही व शिक्का)
साक्षीदार: कामेया दोशुन (वैद्य), इवामोतो याहेइ (शेजारी)
हितोयोशी, मेइजी कालगणनेचं विसावं वर्ष, अकरावा महिना, सहावा दिवस