पहाटेची म्हणून विकलेली मासळी

६ जानेवारी, मंगळवार
रेबेकाबाईंनी जिताडा परत आणला! भर बाजारात. पेणच्या शाळेतून रिटायर होऊन रोह्यात आल्या, तेव्हापासून माझ्याशिवाय कुणाकडून मासा घेत नाहीत. म्हणाल्या, "नूरबानो, हा आजचा नाही गो."
आजचा नाही? माझा नवरा पहाटे चारला होडी काढतो. सातला मासळी माझ्या पाटीत. बर्फाला मी हात लावत नाही. रागात बोलून गेले — "बाई, वास कळायचं वय राहिलं नाय तुमचं." बाईंनी जिताडा ओट्यावर ठेवला आणि गेल्या.

७ जानेवारी
पोपटशी भांडले. शेजारच्या ओट्यावर वडखळहून आलेला बर्फातला माल विकतो. वाटलं, यानेच बाईंचे कान भरले. तो पापलेट कापत राहिला. "मी बर्फाचा विकतो नि बर्फाचाच सांगतो. तू तुझ्या घरात विचार."
घरी नवऱ्याला, मुरादला सांगितलं. "जळतो तो," म्हणाला आणि पाठ फिरवली.

८ जानेवारी
पाटी भरताना आज पहिल्यांदा नीट पाहिलं. नवऱ्याने आणलेली मासळी कोण तपासतं? बोटाने दाबलं — खड्डा तसाच राहिला. कल्ले विटकरी. डोळे आत गेलेले.
तरी विकली. "पहाटेची हाय," एकेकीला सांगितलं. स्वतःची किळस आली.

१० जानेवारी
मुरादच्या मागोमाग धक्क्यावर गेले. होडी बांधलेली, जाळं कोरडं. हा पायरीवर बसलेला. साडेपाचला वडखळचा टेम्पो आला. थर्माकोलच्या खोक्यातली मासळी याने आमच्या पाटीत ओतली आणि वर खाडीचं पाणी मारलं. ताजी दिसावी म्हणून!
समोर जाऊन उभी राहिले.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."
"का?"
"खाडीत काय मिळत नाय आता."
खोटं. बाकीच्यांच्या होड्या भरून येतात, मी डोळ्यांनी बघते. लोक माझ्या शब्दावर मासा घेतात आणि याने माझ्याच तोंडून खोटं विकलं. पाटी उचलली आणि तिथेच खाडीत पालथी केली.

११ जानेवारी
बोलणं बंद. जेवण झाकून ठेवते, तो जेवतो.

१२ जानेवारी
बाजारात गेले नाही. रेबेकाबाईंच्या दारापर्यंत गेले. बेल न वाजवता परतले. काय सांगणार?

१३ जानेवारी
मुरादला चारला उठवलं. "होडी काढ. मी येते सोबत. बघू कशी मिळत नाय." नाय नाय म्हणत आला. वल्हं मारत होता. पुलाचा खांब हातभरावर आला तरी हात थांबेनात. मी वल्हं हिसकावलं, खांबाला टेकवून होडी वळवली.
मुराद म्हणाला, "पूल लांब हाय ना अजून?"
अंधारात त्याला दिसत नाही.